संपादकाला निरोप द्यावा कसा?

मानसोपचारशास्त्राची एक राष्ट्रीय शोधपत्रिका सुमारे दशकभर म्हैसुरातून संपादित होत होती. तिच्या संपादकाचा गौरव करताना त्या पदाचे आपण पुढे काय करणार, हा प्रश्न टाळता येणार नाही.

म्हैसुरात सत्काराची रीत ठरलेली आहे. सत्कारमूर्तीच्या डोक्यावर जरीचा म्हैसुरी पेटा चढवला जातो, खांद्यावर शाल येते, गळ्यात चंदनाचा हार पडतो आणि हाती फळांची परडी दिली जाते. मग दोन-तीन भाषणे होतात आणि मंडळी उपाहाराकडे वळतात. निवृत्तीनंतर या शहरात स्थायिक झाल्यापासून असे पुष्कळ समारंभ मी पाहिले. एक-दोनदा पेटा माझ्याही डोक्यावर आला. गायक, कुस्तीगीर, प्राध्यापक, देणगीदार अशा साऱ्यांची या रीतीत सोय होते. वक्ते अडखळतात ते एकाच प्रकारच्या माणसाविषयी बोलताना, आणि तो म्हणजे शोधपत्रिकेचा संपादक. गायकाचे गाणे ऐकवता येते, देणगीदाराने बांधलेली इमारत दाखवता येते. संपादकाच्या कामाचा मोठा भाग मात्र त्याने जे छापले नाही, त्यात असतो. ते दाखवणार कसे?

हा प्रश्न माझ्या मनात आला तो डॉ. टी. एस. सत्यनारायण राव यांच्यामुळे. म्हैसूरच्या जेएसएस वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचारशास्त्राचे प्राध्यापक असलेल्या डॉ. राव यांनी ‘इंडियन जर्नल ऑफ सायकिअ‍ॅट्री’ या शोधपत्रिकेचे संपादन सुमारे दशकभर केले आणि पुढे ती धुरा कोलकात्याच्या डॉ. ओमप्रकाश सिंह यांच्याकडे गेली. माझा त्यांचा व्यक्तिगत परिचय नाही. मी डॉक्टर नाही. इतिहासाचा विद्यार्थी आणि तीन दशके सरकारी नस्त्या हाताळलेला माणूस, एवढीच माझी पात्रता. तरीही हा लेख लिहावासा वाटतो, कारण या संपादकाच्या कामाशी माझ्यासारख्या प्रशासकाचा संबंध फार निकटचा होता आणि सेवेत असताना मला त्याचा पत्ताही नव्हता.

संपादन म्हणजे काय, हे समजून घ्यायला म्हैसूरइतकी योग्य जागा दुसरी नसावी. येथील प्राच्यविद्या ग्रंथालयात काम करताना रुद्रपट्टण शामशास्त्री यांच्या हाती १९०५ मध्ये तंजावर भागातील एका पंडिताकडून आलेली ताडपत्रे पडली. ती कौटिलीय अर्थशास्त्राची होती. शामशास्त्रींनी १९०९ मध्ये त्याची संहिता छापली. पुढे आणखी हस्तलिखिते मिळाली, पाठभेद वाढले, आणि अर्धशतकानंतर मुंबईत प्रा. र. पं. कंगले यांनी सारे पाठ ताडून पाहत १९६० ते १९६५ या काळात आपली चिकित्सक आवृत्ती, अनुवाद आणि विवेचन असे तीन भाग मुंबई विद्यापीठातर्फे सिद्ध केले. आज राज्यकारभारावरील कोणत्याही भाषणात कौटिल्याचा दाखला दिला जातो. तो दाखला बरोबर आहे की नाही, हे ज्यांच्यामुळे ठरवता येते त्या शामशास्त्री-कंगल्यांचे नाव मात्र वक्त्यांना क्वचितच आठवते. शब्द खरा कोणता, खोटा कोणता, हे ठरवणारा माणूस पडद्याआडच राहतो. शोधपत्रिकेचा संपादक याच कुळातला. फरक इतकाच की त्याच्यासमोरची हस्तलिखिते दोन हजार वर्षांपूर्वीची नसतात. ती कालच्या टपालाने आलेली असतात आणि त्यांवर उद्याचे उपचार ठरणार असतात.

आता माझी स्वतःची एक चूक सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी मी एका जिल्ह्याचा जिल्हाधिकारी होतो. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम तेथे नुकताच सुरू झाला होता. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ चा आणि त्याची जिल्हा पातळीवरची योजना १९९६ ची. आमच्या जिल्ह्यापर्यंत ती उशिराच पोचली. औषधांची वार्षिक मागणी पाठवायची होती आणि तिच्यासाठी जिल्ह्यात रुग्ण किती, हा आकडा हवा होता. कार्यालयात तो नव्हता. एका जुन्या नस्तीत ‘लोकसंख्येच्या एक टक्का’ असा उल्लेख सापडला. तो कोणी, कोठे पाहणी करून काढला, त्यात कोणते आजार धरले होते, हे नस्तीत नव्हते आणि मीही विचारले नाही. जनगणनेच्या आकड्याला शंभराने भागले, त्यांतले उपचाराला येतील तरी किती, असे म्हणून त्या भागाकारालाही कात्री लावली आणि सही केली. दहा मिनिटांचे काम होते.

औषधे डिसेंबरअखेर संपली. पुढचा साठा नव्या आर्थिक वर्षाशिवाय येणार नव्हता. एका तपासणी दौऱ्यात तालुक्याच्या रुग्णालयात गेलो असता बाहेरच्या बाकावर एक वृद्ध गृहस्थ आपल्या तरुण मुलीला घेऊन बसलेले दिसले. औषधांच्या चिठ्ठ्या त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून जपल्या होत्या. औषध चालू असताना मुलगी घरकाम करू लागली होती, शेजारणींशी बोलू लागली होती; ते बंद झाल्यावर पुन्हा रात्र रात्र जागू लागली. त्या गृहस्थांनी तक्रार केली नाही. ‘पुन्हा कधी येऊ?’ एवढेच विचारले. इकडून-तिकडून निधी वळवून थोडी औषधे आणवली, पण मधले दोन महिने गेले ते गेलेच. त्या मुलीचे पुढे काय झाले, हे पाहायला मी तेथे राहिलो नाही. बदलीचा आदेश आला होता.

कित्येक वर्षांनी, निवृत्तीनंतरच्या सवडीत, मी ‘इंडियन जर्नल ऑफ सायकिअ‍ॅट्री’चे जुने अंक वाचू लागलो. ते महाजालावर कोणालाही विनामूल्य वाचता येतात. २०१० साली या पत्रिकेने भारतीय मानसोपचारशास्त्रातील संशोधनाचा विषयवार आढावा घेणारी एक पुरवणी काढली होती. तीत देशातील मानसिक आजारांच्या पाहण्यांचा धांडोळा घेणारा एक लेख आहे. निरनिराळ्या पाहण्यांतून निघालेले प्रमाण दर हजारी ९.५ पासून दर हजारी ३७० पर्यंत आहे, असे तो सांगतो. म्हणजे जवळजवळ एकोणचाळीस पटींचा फरक! कोणी किती खोलात विचारले, कोणते आजार मोजले, घरातल्या एकालाच विचारले की सर्वांना, यांवर तो फरक अवलंबून होता. माझ्या नस्तीतला ‘एक टक्का’ या पल्ल्याच्या अगदी तळाशी येतो. तो निखालस खोटा होता असे नाही. कुठल्या तरी पाहणीत, कुठल्या तरी व्याख्येनुसार तो खराही असेल. पण तो माझ्या जिल्ह्याला लावता येण्याजोगा नव्हता, आणि हे मला सांगू शकेल असे लिखाण देशात कोठे होते हे मला ठाऊक नव्हते.

संपादक जे करतो ते नेमके हेच. लेखक आकडा घेऊन येतो. संपादक त्याला विचारतो की तो आला कोठून. लेख दोन-तीन जाणकारांकडे परीक्षणासाठी पाठवायचा. त्यांतला एक उत्तरच देत नाही, म्हणून चौथा शोधायचा. नमुना पुरेसा आहे का, रुग्णांची संमती घेतली का, नैतिकता समितीची परवानगी आहे का, हाच मजकूर आधी दुसरीकडे छापून आला आहे का, हे पाहायचे. ‘सिद्ध झाले’ या शब्दांच्या जागी ‘आढळले’ असे लिहायला लावायचे. मग ज्यांचे लेख नाकारले त्यांची पत्रे वाचायची. त्यांत जुने विद्यार्थी असतात, सहकारी असतात, कधी आपल्याच संघटनेचे पदाधिकारीही असतात. हे सारे दिवसभरचे रुग्ण, विद्यार्थी आणि परीक्षा उरकल्यानंतर. प्रशासनातील माणसाला नकाराची किंमत कळते, कारण आमच्याकडेही होकाराला स्वाक्षरी पुरते आणि नकाराला कारणे लिहावी लागतात.

पडताळलेला आकडा किती दूर जातो, याचे एक उदाहरण. २०१९ च्या आरंभी याच पत्रिकेत एक अगदी छोटा लेख आला. देशात मानसोपचारतज्ज्ञ सुमारे नऊ हजार, म्हणजे दर लाख लोकसंख्येमागे ०.७५, किमान ३ तरी असावेत, असा त्याचा आशय. दोन पानांच्या त्या लेखातला ०.७५ हा आकडा तेव्हापासून वृत्तपत्रांत, मंत्रालयांच्या टिपणांत फिरत राहिला आणि २०२३ मध्ये संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीच्या अहवालातही आला. त्याआधी २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने बारा राज्यांत ३४,८०२ प्रौढांशी बोलून १०.६ टक्के हे प्रमाण दिले होते आणि निरनिराळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के लोक उपचाराविना राहतात असे नोंदवले होते. हे दोन आकडे शेजारी ठेवले की नवे पदव्युत्तर अभ्यासक्रम का हवेत, परिचारिका आणि समुपदेशकांना प्रशिक्षण का द्यायचे, हे वित्त विभागाला पटवता येते. तसे आकडे नसतील तर माझ्यासारखा कोणी जुन्या नस्तीतून ‘एक टक्का’ काढतो.

डॉ. राव यांच्या कारकिर्दीतले एक संपादकीय मला विशेष महत्त्वाचे वाटते. १९९८ मध्ये ‘लॅन्सेट’ या ख्यातनाम ब्रिटिश वैद्यकीय पत्रिकेत अँड्र्यू वेकफिल्ड आणि सहकाऱ्यांचा एक निबंध आला. अवघ्या बारा मुलांच्या नोंदींवरून गोवर, गालगुंड आणि रुबेला यांची एकत्रित लस व स्वमग्नता यांच्यात संबंध असल्याचे त्यात सुचवले होते. ब्रिटनमधील लसीकरण घसरले. पुढे पत्रकार ब्रायन डीअर यांच्या शोधातून हितसंबंध लपवल्याचे आणि नोंदी बदलल्याचे बाहेर आले. ‘लॅन्सेट’ने तो निबंध मागे घेतला, पण त्याला फेब्रुवारी २०१० उजाडावे लागले. २०११ मध्ये डॉ. राव आणि बंगळूरच्या निम्हान्समधील डॉ. चित्तरंजन अंद्रादे यांनी म्हैसूरहून निघणाऱ्या या पत्रिकेत त्या प्रकरणावर दोन पानांचे संपादकीय लिहिले. सनसनाटी, खंडन, माघार आणि लबाडी असे चारही टप्पे त्याच्या शीर्षकातच होते. लक्षावधी रुपयांचे अर्थसाहाय्य नसलेल्या भारतीय पत्रिकेने एका बलाढ्य पत्रिकेची चूक शांतपणे, कोणताही आव न आणता मांडली. ते लिखाण जगभर वाचले गेले आणि आजही उद्धृत होते.

याचे महत्त्व मला पुढे आणखी पटले. फेब्रुवारी २०१७ मध्ये देशातील गोवर-रुबेला लसीकरण मोहीम ज्या पाच राज्यांत आणि केंद्रशासित प्रदेशांत प्रथम सुरू झाली, त्यांत कर्नाटक होते आणि गोवाही होते. समाजमाध्यमांतून अफवांचे पेव फुटले; कित्येक पालकांनी शाळांना नकार कळवला. त्या अफवांच्या मुळाशी जे जुने भूत होते त्याचा पंचनामा सहा वर्षांपूर्वीच, आपल्याच देशात, विनामूल्य उपलब्ध होता. तो कन्नडमध्ये, मराठीत, कोंकणीत शाळांच्या मुख्याध्यापकांपर्यंत पोचवण्याची यंत्रणा मात्र कोणाकडे नव्हती. ही उणीव संपादकाची नव्हती. संपादकाने सिद्ध केलेले ज्ञान खालपर्यंत नेणे हे शासनाचे काम होते.

डॉ. राव यांच्या स्वतःच्या संशोधनाचाही उल्लेख केला पाहिजे. म्हैसूरजवळ कपिला नदीच्या काठी सुत्तूर हे गाव आहे. जेएसएस संस्थांचे मूळ असलेला मठ तेथलाच. या गावात घरोघरी जाऊन त्यांनी आणि सहकाऱ्यांनी मानसिक आजारांची पाहणी केली. त्याच पाहणीत लैंगिक समस्यांविषयीही विचारले. खेड्यातल्या स्त्री-पुरुषांना या विषयावर बोलते करणे किती अवघड असेल, हे सांगायला नको. पुढे लैंगिक-मानसिक आरोग्याला वाहिलेल्या एका स्वतंत्र शोधपत्रिकेचेही त्यांनी संपादन केले. मराठी वाचकाला येथे र. धों. कर्वे आठवल्यावाचून राहणार नाहीत. कर्व्यांनी १९२७ पासून १९५३ मधील आपल्या मृत्यूपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक पदरमोड करून चालवले, खटले ओढवून घेतले. १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले होते. जे बोलायचे नाही असे समाजाने ठरवले आहे, ते अचूक आणि सभ्य शब्दांत छापणे हेसुद्धा संपादकाचे कर्तव्य असते. पण कर्वे गेले आणि त्यांच्यामागोमाग ‘समाजस्वास्थ्य’ही संपले. एका माणसावर उभ्या राहिलेल्या संस्थांचे असेच होते, आणि माझ्या चिंतेचा विषय तोच आहे.

भारतीय मानसोपचार संघटना १९४७ मध्ये स्थापन झाली. तिचे नियतकालिक १९४९ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ न्यूरॉलॉजी अँड सायकिअ‍ॅट्री’ या नावाने निघाले, काही वर्षांत बंद पडले आणि १९५८ मध्ये आजच्या नावाने पुन्हा सुरू झाले. त्यानंतर ते कधी मदुराईच्या डॉ. व्यंकोबा राव यांच्याकडे, कधी लखनौच्या डॉ. सेठी यांच्याकडे, कधी बंगळूरच्या डॉ. चन्नबसवण्णा यांच्याकडे होते; मग म्हैसूर, मग कोलकाता. संपादक बदलला की पत्रिकेचा पत्ता बदलतो. कागदपत्रे, परीक्षकांच्या याद्या, कोणाला कोणता लेख द्यावा याचे शहाणपण, सगळे एका शहरातून दुसऱ्या शहरात जाते, आणि त्यातले बरेचसे वाटेत सांडत असावे. ज्या खात्याचे कार्यालय अधिकाऱ्याच्या घराबरोबर गावोगाव फिरते, त्या खात्याविषयी आमचे लेखापरीक्षक काय म्हणतील? राष्ट्रीय महत्त्वाची शोधपत्रिका मात्र आपण अशीच चालवतो, आणि ती चालते याचे श्रेय संपादकांच्या कुटुंबीयांच्या सोशिकतेला द्यावे लागेल.

पैशाचा प्रश्न पाहा. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना मंजूर केली. तीस मोठ्या आंतरराष्ट्रीय प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके देशातील सहा हजारांवर शासकीय शिक्षण व संशोधन संस्थांना वाचायला मिळावीत म्हणून २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये. योजना चांगली आहे. लहान गावातल्या महाविद्यालयाला जगाचे ग्रंथालय उघडणाऱ्या निर्णयाला मी विरोध करणार नाही. पण इतरांचे वाचण्यासाठी सहा हजार कोटी खर्चणारा देश स्वतःचे लिहिलेले तपासण्यासाठी काय खर्च करतो? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची १९१३ पासून चालत आलेली पत्रिका सोडली, तर वैद्यकातील बहुतेक भारतीय शोधपत्रिका व्यावसायिक संघटनांच्या वर्गणीवर, जाहिरातींवर आणि विनावेतन संपादकांवर उभ्या आहेत. त्यांना महाजालावर आणण्याचे मोठे काम मुंबईतल्या मेडनो या छोट्या प्रकाशनसंस्थेने केले. २०११ मध्ये तीही वोल्टर्स क्लुवर या परदेशी कंपनीच्या मालकीची झाली.

दुसरीकडे बढतीसाठी शोधनिबंधांची अट असल्याने लिहिणाऱ्यांची संख्या वाढली आणि तपासणाऱ्यांची वाढली नाही. परिणाम अपेक्षेप्रमाणेच झाला. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या बनावट पत्रिकांचा बाजार भरला. डॉ. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीतील, विद्यापीठांनी सुचवलेल्या १,००९ पत्रिका तपासल्या, तेव्हा त्यांतील ८८ टक्क्यांहून अधिक कसोटीला उतरल्या नाहीत. मग पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातील केंद्राच्या साहाय्याने ‘यूजीसी-केअर’ ही नवी यादी आली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने तीही बंद केली. याद्या करणे आणि मोडणे सोपे असते. चांगला संपादक घडवायला वीस वर्षे लागतात, आणि त्यासाठी आपल्याकडे ना पद आहे ना वेतनश्रेणी.

म्हणून निवृत्त होणाऱ्या संपादकाच्या गौरवाचे तीन मार्ग सुचवावेसे वाटतात. पहिला, कायमनिधी. त्या सहा हजार कोटींच्या एक टक्का म्हणजे साठ कोटी, वर्षाला वीस कोटी. शंभर निवडक भारतीय शोधपत्रिकांना प्रत्येकी वर्षाला वीस लाख रुपये येतात. एक पूर्णवेळ सहायक संपादक, गरजेपुरता संख्याशास्त्रज्ञ आणि कायमस्वरूपी दप्तर यांची सोय त्यात होईल. संपादक बदलेल, कार्यालय बदलणार नाही. दुसरा, संपादन आणि परीक्षण यांना बढतीच्या नियमांत स्थान. चार सामान्य निबंध लिहिणाऱ्यापेक्षा चाळीस निबंध काळजीपूर्वक तपासणाऱ्याचे देशावर अधिक उपकार असतात. तिसरा, भाषांतर. प्रत्येक अंकातील उपयुक्त लेखांचे सोप्या भारतीय भाषांतले सार जिल्हा रुग्णालये, जिल्हा परिषदा आणि शाळांपर्यंत नियमाने गेले पाहिजे. संघटनेची उपचारविषयक मार्गदर्शक तत्त्वे या पत्रिकेच्या पुरवण्यांतून येतात. तालुक्याच्या डॉक्टरला ती कोठे मिळतात हे निदान कळवले तरी पुष्कळ.

यावर एक आक्षेप मला दिसतो, आणि तो माझ्याच जुन्या व्यवसायाविषयी आहे. सरकारचा पैसा आला की सरकारचा दूरध्वनीही येतो. एखाद्या कार्यक्रमाचे अपयश दाखवणारा निबंध छापू नका, असे कोणी स्पष्ट म्हणणार नाही. पुढच्या वर्षीचा हप्ता तेवढा रखडेल. ही भीती खरी आहे, आणि ती मी दोन्ही बाजूंनी पाहिली आहे. म्हणूनच वार्षिक अनुदान नको. निधी एकदाच द्यावा, तो संघटनेच्या विश्वस्तांकडे असावा, त्याच्या व्याजावर दप्तर चालावे, हिशेब जाहीर व्हावेत आणि संपादक मंडळावर शासनाचा प्रतिनिधी नसावा. औषधकंपन्यांच्या जाहिरातींवरील अवलंबनही त्यामुळे कमी होईल, हा लाभ वेगळाच. शिवाय संपादकावरही बंधने हवीत: ठरावीक मुदत, उत्तराधिकाऱ्याबरोबर वर्षभराचे सहकार्य, आणि संपादकाच्या स्वतःच्या लेखाचा निर्णय दुसऱ्याच कोणाच्या हाती. चांगल्या संपादकांना अशी बंधने जाचत नाहीत. ती त्यांच्या नकाराला बळच देतात.

डॉ. सत्यनारायण राव यांच्या संपादनाचे अंतिम मूल्यमापन त्यांच्या शास्त्रातले जाणकार करतील. मी त्यांच्या पत्रिकेचा उशिरा आलेला वाचक म्हणून आभार मानतो. माझ्या जिल्ह्यातल्या त्या दहा मिनिटांच्या भागाकाराने कोणाचे किती नुकसान केले, याचा हिशेब मला कधीच मांडता येणार नाही. आज कोठल्या तरी जिल्ह्यात एखादा तरुण अधिकारी तीच मागणी भरत बसला असेल. त्याच्या टेबलावर खरा आकडा पोचावा यासाठी कोठल्या तरी शहरात एक प्राध्यापक रात्रीचे जेवण उरकून, न आलेल्या चौथ्या परीक्षणाची वाट पाहत, संगणकापुढे बसलेला असतो. म्हैसुरी पेटा त्याला अवश्य घाला. पण त्याआधी त्याला एक सहायक द्या, एक कपाट द्या आणि त्याच्यामागून येणाऱ्याला बसायला एक कायमची खोली द्या.

(लेखक निवृत्त सनदी अधिकारी आहेत.)